एसटीपी पाडायच्या आधी रात्री तीनचा फ्लो मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे: साधारण २० हजार वस्तीचं छोटं शहर, जुना ऑक्सिडेशन डिचवाला (लांब चॅनेलमध्ये सांडपाणी फिरवत हवा देणारा) एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाचा प्लांट, दोन क्लॅरिफायर (पाण्यातला गाळ खाली बसवायच्या टाक्या), मागे गाळ वाळवायचे बेड. मोठा पाऊस झाला की क्लॅरिफायरवरून गाळ वाहून जातो. अमोनियाची लिमिट कडक झाल्यापासून रिपोर्ट फेल होतायत. सल्लागार म्हणतोय जुनं सगळं काढा आणि एमबीआर टाका, म्हणजे क्लॅरिफायरऐवजी मेंब्रेनच्या अतिबारीक चाळणीतून पाणी गाळणारा प्लांट. मग करायचं काय?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, लगेच पाडू नका. सल्लागार खोटं बोलतोय असं नाही, एमबीआरने पाणी चांगलंच येतं. पण पावसात गाळ जाणं आणि अमोनिया न उतरणं या तुम्ही दोन वेगळ्या तक्रारी म्हणून मांडल्यात आणि मला तरी त्या नव्वद टक्के एकाच आजाराच्या दिसतायत, कसं ते खाली येईलच. आणि तो आजार नक्की कुठे आहे हे न शोधता नवा प्लांट बांधला तर तोच आजार नव्या टाकीत जाऊन बसतो, फक्त तिथे बिल मोठं येतं.

सगळ्यात आधी येणारं पाणी. बऱ्याच छोट्या प्लांटवर फ्लोमीटर एकतर बंद असतो किंवा दिवसाचा एकच आकडा वहीत लिहिलेला असतो, तो आकडा अपग्रेडच्या कामाचा नाही. तुम्हाला तासातासाचा फ्लो पाहिजे, कोरड्या दिवसांतला पण आणि पावसातला पण, आणि त्यातला सगळ्यात बोलका आकडा म्हणजे रात्री दोन ते चार मधला. त्या वेळी गाव झोपलेलं असतं, नळ बंद असतात, संडास-बाथरूमचं पाणी नावापुरतं. तेव्हाही जर सरासरीच्या निम्मं पाणी येत असेल तर ते सांडपाणी नाहीये, ते जमिनीतलं पाणी आहे, फुटलेल्या पाइपातून आणि चेंबरच्या सांध्यांतून आत झिरपलेलं (किंवा कुठेतरी पिण्याच्या पाण्याची लाइन गळून ड्रेनेजमध्ये जातेय, तेही तपासा, सापडतं कधीकधी).

दुसरी पडताळणी कागदावरची. माणशी दिवसाला ६० ग्रॅम बीओडी (घाण खायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, म्हणजे घाणीचं माप) धरतात, युरोपात लोकसंख्येचं एकक म्हणून हाच आकडा वापरतात. २० हजार लोक म्हणजे १२०० किलो. माणशी १५० लिटर पाणी धरलं तर दिवसाला ३००० घनमीटर, म्हणजे इनलेटला बीओडी लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या आसपास यायला हवा. तुमच्याकडे जर १८०-२०० येत असेल तर सांडपाण्याइतकंच फालतू पाणी तुम्ही पंप करून ट्रीट करताय. आणि उलटं, ६०० च्या वर येत असेल तर कुणीतरी काहीतरी सोडतंय, डेअरी, कत्तलखाना, नाहीतर सेप्टिक टँक उपसणारे टँकर. टँकरवाल्याचा एक टँकर दिसायला छोटा वाटतो पण त्याचा बीओडी हजारांत असतो, आणि तो रात्री कुठल्या चेंबरमध्ये रिकामा होतो हे प्लांटवर कुणालाच माहीत नसतं. त्याला बंदी घालून काही होत नाही, तो दुसरं चेंबर शोधतो. त्यापेक्षा प्लांटवरच एक रिसिव्हिंग टाकी द्या, तिथे स्क्रीन (कचरा अडवणारी जाळी) लावा आणि तिथून हळूहळू सोडा.

पावसाचा जो पीक (फ्लोची उसळी) येतो त्यात पण दोन प्रकार असतात. पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्या-एक तासात फ्लो उसळला आणि थांबल्यावर लगेच उतरला तर ते गच्चीचे पाइप, अंगणाच्या जाळ्या, खोलगट भागातली चेंबरची झाकणं, म्हणजे सरळ जोडण्या. त्या शोधायला लाइनमध्ये धूर सोडून बघायची स्वस्त पद्धत आहे, ज्या गच्चीच्या पाइपातून धूर निघाला ते घर जोडलेलं. फ्लो हळूहळू चढला आणि आठवडाभर उतरलाच नाही तर ते जमिनीतून झिरपणारं, ते काढणं कठीण आणि खर्चिक, कारण एक पाइप दुरुस्त केला की पाणी शेजारच्या सांध्यातून घुसतं. म्हणून सरळ जोडण्या आधी, झिरपा नंतर, तोही जिथे सगळ्यात वाईट आहे तेवढ्याच लाइनीत. सगळं नेटवर्क बदलू वगैरे म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका.

आता गाळ आणि अमोनिया, इथे जरा वेळ घेतो कारण सगळी गोम इथेच आहे.

अमोनिया खाणारे जिवाणू अतिशय सावकाश वाढतात. बीओडी खाणारे काही तासांत दुप्पट होतात, यांना दिवस लागतात, आणि पाणी थंड झालं की आणखीच. २० अंशाला गाळाचं वय चार-पाच दिवस असलं तरी निभतं, १० अंशाला बारा-पंधरा दिवस धरावे लागतात. गाळाचं वय म्हणजे टाकीतला एकूण गाळ भागिले रोज बाहेर जाणारा गाळ, मग तो तुम्ही काढलेला असो नाहीतर क्लॅरिफायरवरून निसटलेला, जिवाणूच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. ही गोष्ट नवीन पण नाही, १९१४ साली मँचेस्टरजवळ डेव्हिह्युमला आर्डर्न आणि लॉकेट यांनी बाटल्यांत सांडपाणी घेऊन हवा दिली तेव्हा पहिल्या वेळी अमोनिया पूर्ण जायला पाच आठवडे लागले होते. मग त्यांनी तळाचा गाळ फेकला नाही, तोच ठेवून वर नवीन सांडपाणी घातलं, असं करत करत काम एका दिवसात होऊ लागलं. अॅक्टिव्हेटेड स्लज म्हणजे एवढंच, गाळ धरून ठेवणं. (जाता जाता, तो प्रयोग भरा, हवा द्या, बसू द्या, वरचं पाणी काढा असाच होता, म्हणजे ज्याला आज एसबीआर म्हणून नवं तंत्रज्ञान म्हणत विकतात ते या सगळ्यात जुनं आहे.)

आता तुमच्या प्लांटचा हिशोब लावू. समजा डिच ३००० घनमीटरची आहे आणि एमएलएसएस (टाकीतल्या पाण्यात असलेला गाळ) लिटरला ३.५ ग्रॅम. म्हणजे आत साधारण १०,५०० किलो गाळ. १२०० किलो बीओडीवर रोज अंदाजे ९५०-१००० किलो नवीन गाळ तयार होतो. म्हणजे वय अकरा दिवसांच्या आसपास, थंडीत काठावर पण जमणारं. मग एक मोठा पाऊस येतो, तासाला ४०० घनमीटर पाणी सहा तास. क्लॅरिफायरवरून लिटरला दीड ग्रॅम गाळ गेला तर २४०० गुणिले १.५ म्हणजे ३६०० किलो, एका रात्रीत तिसरा हिस्सा गायब! बीओडीवाले दोन-तीन दिवसांत सावरतात म्हणून ऑपरेटरला वाटतं प्लांट ठीक झाला, पाणी पण बऱ्यापैकी स्वच्छ दिसतं, पण अमोनियावाले सावरायला दोन-तीन आठवडे घेतात आणि तेवढ्यात पुढचा पाऊस. त्यामुळे रिपोर्टमध्ये अमोनिया कायम फेल दिसतो आणि लोक ब्लोअर नाहीतर रोटर, म्हणजे हवा देणारी यंत्रं, वाढवायच्या मागे लागतात.

बरं मग क्लॅरिफायर लहान आहे का? हे गणित पण करून बघा. समजा १४ मीटर व्यासाचे दोन आहेत, दोन्ही मिळून क्षेत्रफळ साधारण ३०८ चौरस मीटर. कोरड्या दिवशी तासाला १२५ घनमीटर म्हणजे पाण्याचा वर चढायचा वेग तासाला ०.४ मीटर, एकदम आरामात. पावसात ४०० ला तो १.३ मीटर, हे कडेवर आहे पण चांगला बसणारा गाळ असेल तर तगून जातं. आणि एक क्लॅरिफायर गिअरबॉक्स बिघडून बंद असेल, जो बऱ्याच ठिकाणी असतोच, तर तोच वेग २.६, मग कुठलाच गाळ थांबत नाही. म्हणजे कधीकधी अख्ख्या अपग्रेडचं मूळ एका बंद पडलेल्या गिअरबॉक्समध्ये असतं.

आणि गाळ बसतो कसा ते एक लिटरच्या सिलेंडरमध्ये अर्ध्या तासात कळतं. ३.५ ग्रॅमचा गाळ अर्ध्या तासात ३५० मिलिलिटरवर बसला तर एसव्हीआय (एक ग्रॅम गाळ किती मिलिलिटर जागा घेतो तो आकडा) १००, मस्त. ७०० वर राहिला तर २००, म्हणजे तंतूवाले जिवाणू माजलेत, तोच क्लॅरिफायर आता निम्म्या कामाचा. तंतू का माजतात त्याची कारणं ठरलेली आहेत, ऑक्सिजन कमी, सडलेलं सल्फाइडवालं सांडपाणी, तेलतूप, अन्नद्रव्यांची तूट. मायक्रोस्कोपखाली एक थेंब बघून बरंच कळतं, आणि साधा मायक्रोस्कोप प्रत्येक प्लांटवर असावा या मताचा मी आहे, तो अख्ख्या अपग्रेडच्या खर्चात दिसत पण नाही.

पण खरी साखळी अजून मागे जाते, वाळवण बेडपर्यंत. पावसाळी दिवसांत बेड वाळत नाहीत, भरलेले राहतात, मग ऑपरेटर गाळ काढणारच कुठे, तो काढायचंच थांबवतो. एमएलएसएस ३.५ वरून ५-६ वर चढतो, क्लॅरिफायरमधली गाळाची गादी वर वर येत राहते आणि नेमका त्याच दिवसांत मोठा पाऊस येतो. बघा म्हणजे, अमोनियाची तक्रार जाऊन पोचली वाळवण बेडला. म्हणून माझ्या यादीत पहिली खरेदी मेंब्रेन नाही, गाळातलं पाणी काढायचं मशीन आहे, स्क्रू प्रेस घ्या नाहीतर सेंट्रीफ्यूज. छोट्या ठिकाणी मला स्क्रू प्रेस बरा वाटतो, सावकाश फिरतो, आवाज कमी, ऑपरेटरला समजतो. पॉलिमर (गाळाचे कण एकत्र आणणारं केमिकल) मात्र लागेल आणि कुठला लागेल ते तुमच्याच गाळावर ट्रायल घेऊन ठरवायचं, कॅटलॉग बघून नाही. एक टक्का घट्टपणाचा १०० घनमीटर गाळ वीस टक्क्यांवर नेला की ५ घनमीटर उरतो, ट्रॅक्टरच्या किती फेऱ्या वाचतात बघा. बेड ठेवा, पाडू नका, मशीन बंद पडलं की उन्हाळ्यात तेच कामाला येतात.

दुसरं काम पावसासाठीचं. जागा असेल तर स्क्रीन आणि ग्रिट चेंबरनंतर (जिथे रेती बसते) एक मोकळी बॅलन्सिंग टाकी, पीक तिथे अडवायचा आणि रात्री हळूहळू आत घ्यायचा. जागा नसेल तर एक जुनी युक्ती आहे, पावसात सांडपाणी डिचच्या सुरुवातीला न सोडता शेवटाकडे सोडायचं आणि रिटर्न गाळ (क्लॅरिफायरच्या तळातून परत आणलेला) मात्र सुरुवातीलाच येऊ द्यायचा. मग गाळाचा मोठा साठा मागे सुरक्षित राहतो आणि क्लॅरिफायरकडे पातळ मिश्रण जातं. यासाठी एक पाइप आणि दोन गेट लागतात. फक्त गोल फिरणाऱ्या एकाच चॅनेलच्या डिचमध्ये हे नीट जमत नाही कारण तिथे सगळं मिसळलेलंच असतं, तिथे मोठ्या पावसाच्या वेळी रोटर काही वेळ बंद ठेवून गाळ डिचमध्येच बसू देतात, तेही तात्पुरतं आणि घड्याळ लावून, विसरलात तर गाळ सडतो.

मग हवा. बीओडीला लागणारा ऑक्सिजन सगळे धरतात, अमोनियाचा विसरतात. एक ग्रॅम अमोनिया नायट्रोजनला ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. तुमच्याकडे दिवसाला १५० किलो नायट्रोजन जाळायचा (म्हणजे अमोनियाचं नायट्रेट करायचं) असेल तर तेवढ्यासाठीच जवळपास ६८५ किलो ऑक्सिजन, बीओडीच्या वर. जुन्या डिझाइनमध्ये हा धरलाच नव्हता कारण तेव्हा अमोनियाची लिमिटच नव्हती. त्यामुळे रोटर वाढवायची वेळ येऊ शकते, पण आधी डीओ मीटर (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा) चालू करून दिवसभर नोंद घ्या. सकाळच्या लोडला डीओ लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्या खाली जात असेल तर हवा कमी आहे. दिवसभर २ च्या आसपास असूनही अमोनिया उतरत नसेल तर हवा वाढवून फक्त वीजबिल वाढेल, दोष दुसरीकडे आहे.

फाइन बबल डिफ्यूझर (तळातून बारीक बुडबुडे सोडणारे) टाका असं कुणी म्हणेल, तेव्हा आधी डिचची खोली मोजा. डिफ्यूझर स्वच्छ पाण्यात दर मीटर खोलीला साधारण सहा टक्के ऑक्सिजन विरघळवतो, घाण पाण्यात त्याच्या निम्म्याच्या आसपास धरा. हॉलंडमध्ये पासवीरने १९५४ मध्ये सुरू केलेल्या पद्धतीच्या जुन्या डिच उथळ असतात, सव्वा-दीड मीटर, तिथे डिफ्यूझरचा फायदाच मिळत नाही. खोली चार मीटर असेल तर वेगळी गोष्ट, तिथे वीज चांगली वाचते, आणि प्लांटच्या एकूण विजेत निम्मी तरी हवेलाच जाते म्हणून हे महत्त्वाचं.

आणखी एक जागा जिथे लोक अडकतात, अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल मुरवायची पाण्याची ताकद. एक ग्रॅम नायट्रोजन जाळायला ७.१४ ग्रॅम अल्कलिनिटी खर्च होते. ४५ मिलिग्रॅम अमोनिया उतरवायचा तर ३२० मिलिग्रॅम पाहिजे, पाणी मऊ असेल आणि इनलेटला २५० च असेल तर अर्ध्या वाटेत पीएच पडतो आणि जिवाणू थांबतात, मग कितीही हवा मारा. चुना टाकायच्या आधी हवा चालू-बंद करून बघा. हवा बंद असताना नायट्रेट खाणारे जिवाणू कामाला लागतात आणि प्रत्येक ग्रॅम नायट्रेट नायट्रोजनमागे ३.५७ ग्रॅम अल्कलिनिटी आणि २.८६ ग्रॅम ऑक्सिजनचं काम परत मिळतं, फुकट. टायमर आणि तळ ढवळायला एक मिक्सर एवढंच लागतं. फॉस्फरसची लिमिट पुढे येणार असेल आणि फेरिक नाहीतर अॅलम टाकायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, तेही अल्कलिनिटी खातात आणि गाळ पण वाढवतात, म्हणजे पुन्हा आपण स्क्रू प्रेसपाशी.

हे सगळं करूनही कमी पडलं तर टाकी वाढवायच्या आधी डिचमध्ये प्लास्टिकचे मीडिया टाकायचा पर्याय बघा, नॉर्वेत १९८० च्या दशकाच्या शेवटी तयार झालेलं हे तंत्र आहे. अमोनियावाले जिवाणू त्या मीडियावर चिकटून राहतात, पावसात गाळ गेला तरी ते जात नाहीत, तुमच्या केसला हे बरोबर लागू पडतं. पण मीडिया अडवायच्या जाळ्या तुंबतात, डीओ ३-४ ठेवावा लागतो आणि उथळ रोटरवाल्या डिचमध्ये मीडिया नीट फिरत नाही, त्यामुळे बहुधा त्याला छोटी वेगळी टाकी द्यावी लागेल.

एमबीआरबद्दल सरळ सांगतो. जागाच नाही किंवा पाणी पुन्हा वापरायचं आहे, तिथे एमबीआर योग्य. तुमच्याकडे अडचण पावसाच्या पीकची आहे आणि मेंब्रेनला पीकच नको असतो, ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पाणी त्यातून जातच नाही, ते मागे तुंबतं. म्हणजे पीकसाठी मेंब्रेन दुप्पट-तिप्पट घ्या नाहीतर बॅलन्सिंग टाकी बांधा, आणि टाकीच बांधायची तर जुन्या प्लांटचं पण काम भागतं. वर एक-दोन मिलिमीटरचा स्क्रीन, केमिकल क्लीनिंग, वीज जास्त, आणि दहा वर्षांच्या आसपास मेंब्रेन बदलायचा खर्च, तो आज कुणाच्याच बजेटमध्ये दिसत नाही.

स्क्रीनचं मात्र आत्ताच करा, काहीही ठरलं तरी. सहा मिलिमीटरचा यांत्रिक स्क्रीन आणि चालणारा ग्रिट चेंबर. आज निम्मे पंप चोक होतात ते चिंध्या आणि वेट वाइप्समुळे, आणि डिचच्या तळाला बसलेली रेती किती जागा खातेय हे बांबू घालून मोजलं तरी कळेल, काही ठिकाणी टाकीचा पाव भाग रेतीच असते.

माणसांचं पण बघा. रात्रीच्या शिफ्टला एकटा माणूस असताना पॅनेल पूर्ण ऑटोमॅटिक घेतलं आणि सेन्सर साफ करायला कुणी नसेल तर सहा महिन्यांत सगळं मॅन्युअलवर येतं. थोडं ऑटोमेशन पण टिकणारं घ्या. आणि नवीन चेंबर, वेटवेल (पंपाची विहीर) जे काही डिझाइन कराल त्यात आत न उतरता पंप वर काढता येईल असंच करा. हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना वास येतो, १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं गॅस गेला. गॅस डिटेक्टर, ब्लोअर, ट्रायपॉड आणि वर दुसरा माणूस, यातलं एक जरी कमी असेल तर कुणालाही आत उतरू देऊ नका.

टेंडर काढताना दोन कलमं घाला. एक, बांधकाम चालू असताना जुना प्लांट एक दिवसही बंद राहणार नाही आणि प्रत्येक टप्प्याला पाणी कुठून कुठे जाणार ते कॉन्ट्रॅक्टरने आधी लिहून द्यायचं. दोन, परफॉर्मन्स टेस्ट थंडीत आणि पावसात अशी दोन्ही वेळा. कॉन्ट्रॅक्टर उन्हाळ्यात, कोरड्या दिवसांत टेस्ट देऊन मोकळे होतात, तेव्हा अमोनिया कुठल्याही प्लांटला उतरतो. शेवटचा हप्ता थंडीच्या रिपोर्टला बांधून ठेवा.